आधी भिंत, मग कागद : रामटेकचा चार दिवसांचा चित्रमुक्काम

थंडी पडली की नागपुरातल्या हौशी चित्रकारांचे बेत सुरू होतात. चार-पाच जण जमवायचे, शनिवारी पहाटे रामटेक गाठायचं, दोन दिवस जलरंगात चित्रं काढायची आणि रविवारी रात्री परत. चित्रं मग दिवाणात जातात. पुढच्या हिवाळ्यात काढून पाहावीत तर कडा वाकलेल्या, मागे पिवळे डाग. आणि ज्या गावाची ती चित्रं, त्या गावाने त्यातलं एकही पाहिलेलं नसतं. मी स्वतः तीन हिवाळे असेच घालवले. चूक रंगवण्यात नव्हती, क्रमात होती. आम्ही आधी कागद आणायचो, मग गाव ठरवायचो, आणि चित्रं लावायची कुठे हे कुणी विचारतच नव्हतं.

खालचा क्रम त्याच्या उलट आहे. आधी गावातली भिंत, तिच्यावरून चित्राचं माप, मापावरून कागद, आणि मग बाकीचं. हिशेब असा धरलाय : सहा जण, गुरुवार ते रविवार, प्रत्येकी तीन चित्रं, त्यातली दोन निवडून रविवारी संध्याकाळी गावातच प्रदर्शन. रामटेक नागपूरपासून साधारण ५० किलोमीटर. कामठी, कन्हान ओलांडून मनसरला उजवीकडे वळायचं. एसटीही आहे, रेल्वेही आहे. उमरेड, काटोल, पवनी कुठेही गेलात तरी क्रम हाच ठेवा.

१. तीन आठवडे आधी : भिंत पाहून येणं

यासाठी एक स्वतंत्र फेरी मारायची. रंग, कागद काही न्यायचं नाही, फक्त मोजपट्टी आणि वही. कुणालाही फोन करण्याआधी गावातल्या शाळेत जा आणि ड्रॉइंगच्या सरांना किंवा मॅडमना भेटा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना मुलं बसवणारा हा माणूस गावातली चित्र काढणारी सगळी मंडळी ओळखतो. कोणतं सभागृह रिकामं असतं, वाचनालयाच्या कोणत्या खोलीत उजेड आहे, कुणाशी बोलावं लागेल, हे त्यांच्याकडून अर्ध्या तासात कळतं.

जागा पाहताना भिंतीची लांबी मोजा. आपल्या मापाचं (ते दुसऱ्या टप्प्यात येतं) आडवं चित्र माउंटसह, म्हणजे भोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीसह, १९ इंच आणि दोन चित्रांत सहा इंच मोकळं, म्हणजे एका चित्राला २५ इंच. बारा चित्रांना २५ फूट झाले. वर गावातल्या लोकांच्या कामासाठी आणखी १२ फूट हवेत. हे १२ फूट उरल्यास देऊ असं म्हणू नका, सुरुवातीलाच बाजूला काढा. त्याचं कारण सातव्या टप्प्यात येतं.

तारीख पक्की करताना शाळांची स्नेहसंमेलनं, संक्रांत आणि २६ जानेवारीच्या आधीचे तालमीचे दिवस टाळा. त्या काळात हॉल मोकळा मिळत नाही. बाहेरगावचे मित्र आधी नागपुरात उतरणार असतील तर डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाच्या तारखा बघून घ्या, शहरात खोल्या मिळणं अवघड होतं. आठवडी बाजार कोणत्या दिवशी भरतो तेही विचारा. त्या दिवशी चित्राला माणसं भरपूर मिळतात, पण प्रदर्शनाला येणाऱ्यांचा वेळ बाजारात जातो.

*तपासा :* चावी नेमकी कुणाकडे असते? त्यांचं नाव, त्यांच्या गैरहजेरीत दुसरं कोण, दोघांचे नंबर. आमच्या पहिल्या प्रदर्शनाला चावीवाले काका भाचीच्या लग्नाला गेलेले होते आणि आम्ही अठरा चित्रं घेऊन पायरीवर बसून होतो. दुसरा नंबर घेतलेला नव्हता, ही चूक माझीच होती.

*तपासा :* दिवे लावून पाहा. डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो, म्हणजे प्रदर्शनाचा निम्मा वेळ दिव्यावरच जाणार. एकच ट्यूबलाइट असेल तर बिछायतवाल्यांकडून (मंडपाचं सामान भाड्याने देणाऱ्यांकडून) दोन फोकस आताच सांगून ठेवा.

२. माप, कागद आणि माउंट

सगळ्यांनी एकाच मापाचं चित्र काढायचं. इथे गटात हमखास वाद होतो, कारण प्रत्येकाला आपलं पॅड वापरायचं असतं. तरी ऐकू नका. २२ × ३० इंचांच्या पूर्ण कागदाचे चार तुकडे केले की ११ × १५ चा कागद मिळतो, हेच माप घ्या. कागद ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड), कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत), शक्यतो पूर्ण कापसाचा. २०० जीएसएमचा कागद घरी चालतो. धुक्यात बसून त्यावर दुसरा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, दिला की तो पन्हळी पत्र्यासारखा होतो.

माप एक असलं की माउंट नागपुरातच आधी कापून घेता येतात, आणि रविवारची सगळी धावपळ वाचते. फ्रेमवाल्याला हे आकडे कागदावर लिहून द्या. चित्राच्या चारही बाजूंना पाव इंच मास्किंग टेप, म्हणजे रंगवलेला भाग उरतो १०.५ × १४.५. माउंटची खिडकी १०.२५ × १४.२५, म्हणजे टेपची कच्ची कड आत दडते. बाहेरचं माप १५ × १९. मागे त्याच मापाचा पुठ्ठा. काच आणि फ्रेम नकोत. एका संध्याकाळच्या प्रदर्शनाला त्यांचं वजन, फुटण्याची भीती आणि खर्च यांतलं काहीच परवडत नाही.

*सावध :* चित्र माउंटला चिकटवताना सेलोटेप वापरू नका. त्यातला गोंद वर्षभरात कागदात उतरतो, पिवळे डाग पडतात ते त्याचेच. पाणी लावून चिकटवायची कागदी टेप घ्या आणि चित्र फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी अडकवा. चारही बाजू चिकटवल्या तर हवेतल्या ओलाव्याने कागद फुगतो आणि मध्ये पोट येतं.

३. बॅग भरणं आणि एक रंगीत तालीम

निघण्याच्या आधीच्या रविवारी भरलेली बॅग पाठीला लावून फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर जा आणि तिथे एक पूर्ण चित्र काढून या. काय विसरलं ते घराजवळच कळलेलं बरं. रामटेकला डोंगरावरच्या गडाच्या पायऱ्या चढायच्या असल्याने बॅग पाच किलोंच्या वर जाऊ देऊ नका.

रंग आठ पुरतात : लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अलिझरिन क्रिमझन, कोबाल्ट ब्लू, अल्ट्रामरीन, व्हिरिडियन. तयार काळा घरीच ठेवा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून जो गडद रंग येतो तो देवळाच्या दगडाला जास्त शोभतो. जानेवारीत रामटेकच्या आसपास धान कापून झालेल्या बांध्या असतात. त्या पिवळ्या दिसतात खऱ्या, पण नुसता यलो ऑकर लावला की प्लास्टिकसारखा भडक वाटतो. त्यात अलिझरिन आणि कोबाल्टचा जांभळा थेंबभर टाका. ट्यूबमधले रंग आदल्या रात्री पॅलेटमध्ये काढून ठेवा, म्हणजे ते प्रवासात सांडत नाहीत.

ब्रश तीनच : १२ नंबरचा गोल, ८ नंबरचा गोल, एक इंची चपटा. पाण्याच्या दोन बाटल्या, एक धुवायला आणि एक स्वच्छ. मागे क्लिपा लावायला पातळ प्लायचा बोर्ड. जुन्या सुती धोतराचा तुकडा. टिश्यूपेक्षा तो पाणी चांगलं ओढतो. घडीचं स्टूल. बोटं उघडी राहतील असे हातमोजे, आणि स्टुलाखाली पाय टेकायला पोत्याचा तुकडा. दोन तास एका जागी बसल्यावर थंडी तळपायातून चढते आणि मग माणूस चित्र उरकायला लागतो.

छत्री न्यायची तर पांढरी किंवा काळी. लाल-निळ्या छत्रीखाली कागदावर तोच रंग उतरतो आणि मिसळलेला प्रत्येक रंग खोटा निघतो.

४. गुरुवार : रंगाची पेटी उघडायची नाही

सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम हाच. पोचल्या पोचल्या अंबाळा तलाव दिसतो, घाट, देवळं, पाण्यातलं प्रतिबिंब, आणि हात शिवशिवतात. त्या घाईत काढलेलं चित्र बहुतेक वेळा पोस्टकार्डासारखं होतं, कारण पहिल्या नजरेला जे दिसतं ते सगळ्यांना सारखंच दिसतं.

गुरुवारी फक्त पेन्सिल आणि खिशात मावेल अशी वही. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, दोन बाय तीन इंचांची सहा रेखाटनं करा. प्रत्येकात तीनच छटा : कागदाचा पांढरा, मधला करडा, गडद. प्रत्येकाखाली जागा, वेळ आणि ऊन कुठून येतं त्याचा बाण. अंबाळ्याभोवती डोंगर आहेत, त्यामुळे सूर्य उगवला म्हणजे घाटावर ऊन आलं असं होत नाही. ते कोणत्या पायरीवर केव्हा पोचतं हे घड्याळ पाहून लिहा. शुक्रवारी सकाळी कुठे बसायचं ते यावरून ठरेल.

आपल्याकडे हिवाळ्यात चित्रकाराला एक मोठी सोय असते. डिसेंबरअखेरीस नागपूरच्या अक्षांशावर सूर्य भर दुपारीही ४५ अंशांच्याच आसपास चढतो. म्हणजे दुपारी बारालाही माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीइतकी लांब. मे महिन्यात सावली पायाखाली जाते आणि सगळं सपाट दिसतं. जानेवारीत दुपार वाया जात नाही. म्हणून 'सकाळी आणि संध्याकाळीच रंगवायचं' हा नियम इथे सोडून द्या. दुपारी बाजाराच्या गल्लीत बसा, सावल्या बघा.

*सावध :* गडावर वानरं खूप आहेत. बॅगेत संत्री, फुटाणे, बिस्किटं काही ठेवू नका. खाऊ नसला तरी चेन उघडी दिसली की हात घालतात. देवळाच्या आवारात आणि जुन्या वास्तूंमध्ये ईझल मांडण्याआधी तिथल्या माणसाला विचारा, आणि वाटेत न बसता भिंतीच्या कडेला बसा.

५. शुक्रवार, शनिवार : एका चित्राचे दोन तास

पहिली दहा मिनिटं नुसतं पाहायचं आणि कालचं छोटं रेखाटन बोर्डाच्या कोपऱ्यात क्लिपेने लावायचं. पुढची पंधरा मिनिटं पेन्सिल. चित्र त्या दोन इंची रेखाटनातून वाढवायचं, समोरच्या दृश्यातून नाही. समोर पाहत बसलात तर एकेक देऊळ, एकेक पायरी आत यायला लागते.

पहिला वॉश आकाशापासून जमिनीपर्यंत एकसंध द्या, जिथे पांढरं हवं तेवढं सोडून. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून ओला असताना थोडा जास्त गडद वाटला पाहिजे.

आता येतो वाळण्याचा भाग, आणि हिवाळ्यातली निम्मी चित्रं इथेच बिघडतात. सकाळी सात-साडेसातला हवेत दव असतं. मेमध्ये तीन मिनिटांत वाळणारा वॉश तेव्हा वीस मिनिटं ओला राहतो. वरून कोरडा वाटतो, आतून नसतो. त्यावर पाणीदार ब्रश टेकवला की रंग मागे ढकलला जातो आणि फुलकोबीसारखे डाग उमटतात. बोटाने तपासू नका, बोटाचं तेल लागतं. हाताची मागची बाजू कागदाजवळ न्या. कागद गार लागला तर तो अजून ओला आहे.

एका जानेवारीत मला हे थांबणं जमलं नाही. घाटाजवळच्या चहाच्या टपरीवर भट्टी पेटलेली होती, तिच्याजवळ बोर्ड उभा केला. दोन मिनिटांत खालची कड खडखडीत वाळली, वरची ओलीच राहिली. कागद आडवा पिळल्यासारखा वाकला, टेप सुटली, आणि पाण्यातल्या प्रतिबिंबाचा निळा रंग वाहत येऊन पायऱ्यांच्या पांढऱ्यावर पसरला. टपरीवाल्या बाई म्हणाल्या, "पापड वाळवाले ठेवतो ना, तर चुलीपाशी नाही ठेवत, वाऱ्यावर ठेवतो." तेव्हापासून मी एकाच वेळी दोन बोर्ड घेऊन बसते. एकाचा वॉश वाऱ्यावर वाळतो तोवर दुसऱ्याची पेन्सिल चालते. थांबायचं कसं, याला मला सापडलेला उपाय एवढाच.

दुसऱ्या वॉशमध्ये सावल्या, सगळ्या एकाच दिशेच्या आणि एकाच बैठकीत. हिवाळ्यातही सावली तासाभरात सरकते, म्हणून वहीतल्या बाणाप्रमाणे ठरवलेली जागा सोडू नका. शेवटची वीस मिनिटं गडद ठिपके : दाराची पोकळी, माणसं, नावेची कड. मग ब्रश धुवा.

*सावध :* कागदावर थेट ऊन घेऊ नका. उन्हात कागद एवढा उजळ दिसतो की डोळे दिपून आपण सगळंच जास्त गडद करतो, आणि सभागृहातल्या ट्यूबलाइटखाली चित्र मळकट दिसतं.

*तपासा :* झालेलं चित्र दहा पावलं दूर भिंतीला टेकवून पाहा. तीन छटा वेगळ्या कळतात का? कळत असतील तर त्याला आणखी हात लावू नका.

६. मागे उभी राहणारी माणसं

बसल्यावर दहा मिनिटांत कुणी ना कुणी मागे येतं. "काय काढून राहिले जी?" या प्रश्नाला मान न वळवता "चित्र" एवढंच उत्तर देणं ही मोठी चूक. ब्रश खाली ठेवा, बोर्ड त्यांच्याकडे वळवा, कुठली जागा आहे ते दाखवा. एका किराणा दुकानदाराने असंच वाकून पाहिलं आणि म्हणाला, "सगळं आलं, पण आमचं दुकान कुठी गेलं?" मी ते रचनेसाठी वगळलं होतं. पुन्हा पाहिलं तर त्याच्या निळ्या शटरमुळेच ती गल्ली बांधल्यासारखी दिसत होती. दुकान आलं आणि चित्र सुधारलं.

खिशात हाताने लिहिलेल्या पंचवीसेक चिठ्ठ्या ठेवा : रविवार, वेळ, जागा, 'रामटेकची चित्रं पाहायला या'. जो थांबेल त्याला एक. छापील पत्रिका लोक घडी करून खिशात टाकतात, हाताने लिहिलेली चिठ्ठी वाचतात. लहान मुलांसाठी कागदाचे उरलेले तुकडे आणि दोन पेन्सिली वेगळ्या ठेवा. त्यांनी काढलेलं नाव घालून मागून घ्या, तेही भिंतीवर जाईल.

माणूस रंगवायचा तर आधी विचारा, आणि झाल्यावर दाखवा. अंबाळ्याच्या काठावर लोक आपल्या माणसांचे अंत्यविधी करायला येतात. त्यांच्याकडे वही वळवू नका, फोटोही काढू नका. अशा वेळी दुसऱ्या काठाला जाऊन बसा. जवळच्या खिंडसी तलावालाही दिवस देता येतो.

शुक्रवारी रात्री ड्रॉइंगच्या सरांना आणि गावातल्या चित्र काढणाऱ्यांना मुक्कामावर चहाला बोलवा. सगळी चित्रं जमिनीवर मांडायची. प्रत्येकाने दुसऱ्याचं एक उचलायचं आणि आधी त्यात काय दिसतं ते सांगायचं, चूक नंतर. गावातला माणूस पहिल्यांदा बोलेल असा क्रम ठेवा, नाहीतर तो रात्रभर गप्प बसतो.

७. रविवार : लावणं

निवड शनिवारी रात्रीच उरका. निवडलेली चित्रं उलटी करून पाठीवर ओलसर कापूस हलकेच फिरवा, दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवा, वर प्लाय आणि त्यावर बॅगा. सकाळपर्यंत सपाट होतात. वर्तमानपत्र वापरू नका, शाई उतरते.

सकाळी दहाला हॉल उघडा. भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत. बिछायतवाल्यांकडून बांबू घेऊन दोन टोकांना उभे करा आणि नायलॉनची दोरी ताणा, दर सहा फुटांवर आधार. सुतळी तासाभरात ढिली पडते आणि मधली चित्रं खाली लोंबतात. माउंट दोन-दोन क्लिपांनी अडकवा. चित्राचा मध्य जमिनीपासून साडेचार फुटांवर. नागपुरातल्या दालनांपेक्षा थोडं खाली, कारण इथे निम्मे प्रेक्षक शाळकरी मुलं असतात.

त्या १२ फुटांत गावाचं काम लावा : सरांची निसर्गचित्रं, मुलांची कागदं, एखाद्या आजींची रांगोळीची वही, तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी घडवणाऱ्या सुतारांचे दोन नंदी टेबलावर. हे काम कोपऱ्यात टाकू नका, दारातून शिरताच समोरची भिंत त्याला द्या. घरचं नाव समोर दिसलं की माणूस आत येतो, आणि जाऊन घरच्यांना घेऊन परत येतो. आमच्याकडे पहिल्या वर्षी पाहुणे आले ते आमचेच नागपूरचे. समोरची भिंत दिल्यावर गावातले आले.

पट्टी मराठीत, मोठ्या अक्षरात : 'अंबाळा, सकाळी ७.४०', खाली नाव. 'शांतता' किंवा 'स्पंदन' अशी शीर्षकं नकोत. लोक जागा ओळखायला येतात, आणि वेळ लिहिलेली असली की "एवढ्या सकाळी तिथं ऊन नसते" असं भांडायलाही येतात. या भांडणातूनच चित्राबद्दल खरं बोलणं होतं, म्हणून वेळ लिहाच. किंमत ठेवायची की नाही हे सगळ्यांनी मिळून आधी ठरवा. अर्ध्यांची आहे आणि अर्ध्यांची नाही असं होऊ नये.

उद्घाटन पाच मिनिटांत. हार-तुरे नकोत, चित्रात जी माणसं आली आहेत त्यांच्यापैकी कुणाला तरी दिवा लावायला सांगा. दारापाशी अभिप्रायाची वही आणि तिला दोऱ्याने बांधलेला पेन.

*तपासा :* फोकस चित्रापासून हातभर तरी दूर आणि तिरपा. अगदी समोरून पडला तर कागद चमकतो.

८. आवरणं

रात्री आठला उतरवा. चित्रं एकमेकांकडे तोंड करून, मध्ये बटर पेपर, दोन्ही बाजूंना प्लाय. मुलांची कागदं त्यांच्या हातात परत, विसरलेली असतील तर सरांकडे. प्रत्येकाने नाही, पण गटाने मिळून एक चित्र त्या जागेला द्यायचं. कोणतं, हे गावातल्यांना निवडू द्या. बांबू मोजून परत, भाडं रोख, झाडू स्वतः मारायचा. भिंतीला टेपचा डाग राहिला असेल तर ओल्या फडक्याने तिथेच पुसा.

चावी काकांच्या हातात देताना पुढच्या जानेवारीचा रविवार त्यांच्या कॅलेंडरवर लिहून घ्या. आणि नागपूरला पोचलात की त्याच आठवड्यात अभिप्रायाच्या वहीतल्या प्रत्येक पानाचा फोटो सरांना पाठवा. मुलं त्याची वाट पाहत असतात.